मॅनेजरला काढणार कोण?

बेसबॉलमध्ये सर्वाधिक सामने जिंकणारा मॅनेजर कोण? कॉनी मॅक. सर्वाधिक सामने हरणारा? तेही कॉनी मॅकच. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये त्यांच्या नावावर ३,७३१ विजय आहेत आणि ३,९४८ पराभव. पिट्सबर्गमधली सुरुवातीची तीन वर्षं सोडली, तर हे सगळे सामने एकाच संघाचे, फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्सचे. १९०१ साली हा संघ मेजर लीगमध्ये उतरला तेव्हा मॅक त्याचे मॅनेजर झाले आणि १९५० चा हंगाम संपेपर्यंत मॅनेजरच राहिले. रुजू झाले तेव्हा राइट बंधूंचं विमान अजून उडायचं होतं. निवृत्त झाले तेव्हा आकाशात जेट विमानं होती.

पन्नास वर्षं हा आकडा किती अचाट आहे, हे कळायला मॅनेजरचं काम समजून घ्यावं लागतं. क्रिकेटमध्ये गोलंदाज कधी बदलायचा, क्षेत्ररक्षण कसं लावायचं, हे मैदानात उभा असलेला कर्णधार ठरवतो. बेसबॉलमध्ये हे निर्णय मॅनेजरचे. आज पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, कोण, फलंदाजीचा क्रम काय, दमलेल्या पिचरला कोणत्या क्षणी बाहेर काढायचं, हे सगळं तो मैदानालगतच्या डगआउटमधून ठरवतो. साठी उलटलेला मॅनेजरही खेळाडूंसारखाच गणवेश चढवून बसतो, हे या खेळातलं एक गमतीदार दृश्य.

आणि संघ हरायला लागला की पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच पडते. याचं कारण रोकडं आहे. सगळे खेळाडू एका झटक्यात बदलता येत नाहीत, मॅनेजर एकच असतो. त्याला घरी पाठवलं की मालकाने काहीतरी केलं, असं प्रेक्षकांना दिसतं. वॉल्टर अल्स्टन यांनी डॉजर्स संघ तेवीस वर्षं सांभाळला, चार वेळा वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका, जिंकून दिली. पण करार दरवेळी एकाच वर्षाचा!

मग मॅक कसे टिकले? तर ते नोकर नव्हतेच. पहिल्या दिवसापासून संघात त्यांचा पाव हिस्सा होता, पुढे तो निम्म्यावर गेला आणि १९३७ मध्ये संघाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं. मॅनेजर मॅकना काढायचं, तर मालक मॅकना ते पटायला हवं होतं!

त्यांचा वेशही मालकाला शोभेल असाच. गणवेश नाही, गडद सूट, टाय, ताठ कडक कॉलर. उंच, काटकुळी मूर्ती डगआउटमध्ये बसायची आणि हातात गुंडाळलेलं स्कोअरकार्ड. ते जरा डावीकडे हललं की दूरवरचा क्षेत्ररक्षक दोन पावलं डावीकडे सरकायचा. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही. खेळाडू त्यांना ‘मिस्टर मॅक’ म्हणत.

मालकाच्या खुर्चीचा फायदा त्यांच्यातल्या मॅनेजरला झाला, तसाच तोटाही. १९१० ते १९१४ या पाच वर्षांत संघाने चारदा आपली लीग जिंकली आणि तीनदा वर्ल्ड सिरीज. मग फेडरल लीग नावाची नवी स्पर्धक लीग उभी राहिली आणि खेळाडूंचे भाव कडाडले. तिकीटविक्री हाच तेव्हा उत्पन्नाचा मुख्य आधार. मॅकनी हिशेब केला आणि संघच मोडला. एडी कॉलिन्स हा हुकमी खेळाडू ५०,००० डॉलर्सना शिकागोला विकला. १९१६ मध्ये उरलेला संघ ३६ सामने जिंकला आणि ११७ हरला. सलग सात हंगाम तो तळाला राहिला. दुसऱ्या कुठल्याही मॅनेजरला दुसऱ्या वर्षीच निरोप मिळाला असता.

मॅकना मात्र पुन्हा उभारणी करायला वेळ मिळाला आणि त्यांनी पहिल्याइतकाच बलाढ्य दुसरा संघ घडवला. १९२९ ची वर्ल्ड सिरीज शिकागो कब्जविरुद्ध होती. पहिल्या सामन्यात लेफ्टी ग्रोव्ह हा तुफान वेगाचा पिचर उतरणार, असं सगळे धरून चालले होते. मॅकनी चेंडू दिला हॉवर्ड एम्के यांच्याकडे. वय पस्तीस, वेग मंदावलेला, त्या हंगामात फारसा खेळलेलाही नाही. पण मॅकनी आधीच एक डाव टाकून ठेवला होता. कब्जचा संघ हंगामाच्या अखेरीस फिलाडेल्फियात खेळायला आला, तेव्हा एम्केंना त्यांनी मागे ठेवून घेतलं आणि एकेका फलंदाजाचा अभ्यास करायला लावलं. कब्जचे बहुतेक तगडे फलंदाज उजव्या हाताचे होते. एम्केंचा बाजूने येणारा मंद चेंडू त्यांना दिसेपर्यंत हुकत होता. तेरा फलंदाज स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकमध्ये बाद) झाले, हा तेव्हाचा वर्ल्ड सिरीजचा विक्रम. मेजर लीगमधला एम्केंचा तो शेवटचा विजय.

त्याच महिन्यात, ऑक्टोबरमध्ये, शेअर बाजार कोसळला. मंदीत मैदानं ओस पडू लागली; त्यात पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याने रविवारचे सामने १९३३ पर्यंत बंद. मॅकनी पुन्हा खेळाडू विकायला काढले: सिमन्स, ग्रोव्ह, फॉक्स. तिसरी उभारणी मात्र कधीच झाली नाही. एकूण सतरा हंगामांत त्यांचा संघ तळाला राहिला. वय वाढत गेलं. डगआउटमध्ये ते डुलक्या घ्यायचे, संघ सोडून कधीच गेलेल्या खेळाडूंना नावाने हाका मारायचे, असं सांगतात. काही इशारे तर सहायक सोयीस्करपणे कानाआड करत.

अखेर १८ ऑक्टोबर १९५० रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्यांनी पद सोडलं. वय झालं म्हणून नाही, लोकांना तसं हवंय असं वाटतं म्हणून, असा त्यांच्या बोलण्याचा सूर होता. त्याच वर्षी त्यांच्या मुलांनी कर्ज काढून इतर भागीदारांचे हिस्से घेतले होते. ते कर्ज झेपलं नाही आणि १९५४ मध्ये संघ विकला जाऊन कॅन्सस सिटीला गेला.

मॅक यांचा विक्रम कोणी मोडेल का? दरवर्षी शंभर सामने जिंकले, जे उत्तम संघांनाही सतत जमत नाही, तरी सदतीस वर्षांहून अधिक काळ लागेल. शिवाय मॅक ज्यामुळे टिकले, ती वाटच आता बंद आहे. मे १९७७ मध्ये अटलांटा ब्रेव्हज हा संघ सलग १६ सामने हरला. मालक टेड टर्नर यांनी मॅनेजरला रजेवर पाठवलं, स्वतः गणवेश चढवला आणि डगआउटमध्ये जाऊन बसले. तोही सामना संघ हरला. दुसऱ्याच दिवशी लीगने नियमावर बोट ठेवलं: संघात हिस्सा असलेल्याला त्या संघाचं मॅनेजर होता येत नाही. मॅक यांना जे पन्नास वर्षं चाललं, ते टर्नर यांना एकच दिवस चाललं.