कॉर्फ किल्ला : मालकीचे हस्तांतर आणि हेतुपुरस्सर विध्वंस

इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात, पर्बेक टेकड्यांच्या रांगेतील खिंडीवर कॉर्फचा भग्न किल्ला उभा आहे. काळाच्या ओघात तो ढासळला, असा पाहणाऱ्याचा समज होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. अकराव्या शतकात विल्यम द कॉन्कररने येथे दगडी तटबंदी उभारली, तर पहिल्या हेन्रीच्या काळात बालेकिल्ला बांधला गेला. पुढे हा किल्ला दीर्घकाळ राजसत्तेकडेच राहिला. १५७२ मध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीने तो सर ख्रिस्तोफर हॅटन यांस विकला आणि १६३५ मध्ये सर जॉन बँक्स या कायदेपंडिताने तो विकत घेतला. राजाचे संरक्षणस्थान अशा रीतीने खाजगी मालमत्ता बनले.

यादवी युद्धात बँक्स घराणे राजपक्षाचे होते. लेडी मेरी बँक्स यांनी १६४३ चा वेढा परतवून लावला. दुसऱ्या वेढ्यात मात्र, १६४६ मध्ये, शिबंदीतीलच एका अधिकाऱ्याच्या फितुरीने किल्ला पडला. पार्लमेंटने तो स्वतःकडे राखण्याऐवजी सुरुंग लावून निकामी केला. मालमत्ता मूळ धन्याकडे परत जाऊ शकते, तट मात्र परत येत नाहीत, हे येथे प्रत्ययास आले. राजसत्तेच्या पुनःस्थापनेनंतर बँक्स घराण्यास जहागीर मिळाली, परंतु त्यांनी पुनर्बांधणी न करता किंग्स्टन लेसी येथे नवा वाडा बांधला. किल्ल्याच्या किल्ल्या आजही तेथेच जतन केलेल्या आहेत! दरम्यान किल्ल्याचे दगड गावातील घरांच्या भिंतींत गेले. राल्फ बँक्स यांच्या मृत्युपत्रान्वये १९८० च्या दशकारंभी हे अवशेष नॅशनल ट्रस्टकडे आले.