मोठी गाडी आणि घेतल्यानंतरची चुटपुट

गेल्या काही वर्षांत आपल्या वसाहतींचे रूप पालटले आहे. ज्या आवारात पूर्वी सायकली आणि एखाद-दुसरी स्कूटर उभी असे, तेथे आज उंच बांध्याच्या, मोठ्या चाकांच्या गाड्या उभ्या दिसतात. स्पोर्ट युटिलिटी व्हेइकल हे त्यांचे पूर्ण नाव. बोलताना आपण नुसते एसयूव्ही म्हणतो. आजोबा पायी गेले, वडिलांनी लोकलच्या दाराला लोंबकळत नोकरी केली, आणि नातवाच्या नावावर चारचाकी लागली, ही कोणत्याही घराला अभिमानाची गोष्ट आहे. तिला नावे ठेवण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. परंतु पेढे वाटून झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी त्याच घरात जी चुटपुट सुरू होते, तिच्याविषयी उघडपणे कोणी बोलत नाही. लोक काय म्हणतील या भीतीने माणूस गप्प बसतो, हप्ता भरत राहतो आणि मनात म्हणतो, "लहान गाडी घेतली असती तर?" ही चुटपुट कशाची असते, तिच्यात खरे किती आणि मनाचे खेळ किती, आणि त्यावर करता येण्यासारखे काय आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम मनाचे पाहू. लिऑन फेस्टिंजर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५७ साली एक सिद्धांत मांडला. माणसाच्या मनात एकमेकांशी न जुळणाऱ्या दोन गोष्टी एकाच वेळी आल्या की त्याला अस्वस्थ वाटते, आणि ती अस्वस्थता घालविण्यासाठी तो स्वतःचीच समजूत घालू लागतो. मोठ्या खरेदीनंतर नेमके हेच होते. चार गाड्या पाहून एक निवडली की उरलेल्या तिघींचे गुण आठवू लागतात आणि निवडलेलीचे दोष डोळ्यांत भरतात. त्याच वर्षी अमेरिकेत नवी मोटार घेतलेल्या लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की, विचारात घेऊन सोडून दिलेल्या मोटारींपेक्षा आपण घेतलेल्या मोटारीच्याच जाहिराती हे लोक अधिक वाचीत होते. वास्तविक खरेदी झाल्यावर जाहिरात वाचून काय मिळणार? पण त्यांना माहिती नको होती, धीर हवा होता. आपल्याकडेही नवा गाडीवाला भेटेल त्याला गाडीचे गुण का ऐकवतो, याचे उत्तर यात आहे. तो आपल्याला ऐकवीत नसतो, स्वतःला ऐकवीत असतो.

अशी चुटपुट काही आठवड्यांत आपोआप शमते. तिच्यासाठी गाडी विकण्याची गरज नाही. शमत नाही ती हिशेबाची चुटपुट. ती दर महिन्याला हप्त्याच्या तारखेला नव्याने जागी होते, म्हणून तिच्याकडे अधिक लक्ष दिले पाहिजे.

'अंथरूण पाहून पाय पसरावे' असे सांगून मोकळे होणारे पुष्कळ भेटतात. पण अंथरुणाची लांबी शोरूममध्ये कोणी मोजून देत नाही, ती आपणच मोजावी लागते. एक उदाहरण घेऊ. समजा, पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीची शोरूमची किंमत १२ लाख रुपये आहे. महाराष्ट्रात या किमतीच्या खाजगी पेट्रोल गाडीला एकरकमी वाहन कर साधारण १२ टक्के, म्हणजे १ लाख ४४ हजार रुपये पडतो. डिझेलला याहून दोन टक्के जास्त. त्यावर विमा. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. २०२२ साली ठरविलेल्या दरांनुसार १००० ते १५०० सीसी इंजिनाच्या गाडीला त्याचे १०,६४० रुपये आणि १५०० सीसीच्या वरच्या गाडीला २४,५९६ रुपये होतात. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा वेगळा. शिवाय १० लाखांच्या वरच्या गाडीवर विक्रेता एक टक्का टीसीएस घेतो. (ही रक्कम प्राप्तिकर विवरणपत्र भरताना आपल्या कराच्या हिशेबात धरता येते, कर लागत नसेल तर परतही मिळते. पुष्कळ नोकरदार माणसे ती मागतच नाहीत.) असे सर्व मिळून बारा लाखांची गाडी रस्त्यावर येईपर्यंत चौदा लाखांची होते.

आता यांपैकी दोन लाख हातचे आणि बारा लाख कर्ज धरू. व्याज ९ टक्के, मुदत सात वर्षे. महिन्याचा हप्ता येतो सुमारे १९,३०७ रुपये. सात वर्षांत बँकेला मिळतात १६ लाख २१ हजारांच्या वर, त्यांत व्याजच सव्वाचार लाखांच्या घरात. तेच कर्ज पाच वर्षांचे घेतले तर हप्ता सुमारे २४,९१० रुपये होतो, पण व्याज तीन लाखांच्या आत राहते. विक्रेता आपल्याला सात वर्षांचाच हप्ता प्रथम सांगतो, कारण तो आकडा लहान दिसतो. हप्ता लहान दिसला की माणूस एक पायरी वरची गाडी पसंत करतो. आमच्या मते, कर्जाच्या मुदतीनेच सर्वांत जास्त घरे अडचणीत येतात, गाडीच्या किमतीने नव्हे.

याची पुढची बाजू फार थोड्यांना ठाऊक असते. विम्याच्या दृष्टीने गाडीची किंमत दरवर्षी उतरते. सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षाच्या आत १५, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्के घट धरतात. म्हणजे वरील १२ लाखांच्या गाडीची तीन वर्षे पूर्ण झाल्यावरची विम्यातील किंमत ७ लाख २० हजार. आणि सात वर्षांच्या कर्जाचे छत्तीस हप्ते नियमित भरूनही तेव्हा बँकेचे देणे उरते सुमारे ७ लाख ७६ हजार. अशा वेळी गाडी चोरीला गेली किंवा अपघातात पूर्ण निकामी झाली, तर विम्याची सगळी रक्कम बँकेला देऊनही पन्नास हजारांहून अधिक देणे अंगावर राहील, आणि दारात गाडी नसेल. 'रिटर्न टू इनव्हॉइस' नावाचे जादा संरक्षण विम्यात मिळते, त्यात गाडीची खरेदीची किंमत भरून मिळते. परंतु ते साधारणतः पहिली काही वर्षेच देतात. लांब मुदतीचे कर्ज घेणाऱ्याने ते नक्की विचारावे.

इंधनाचेही तेच. महिन्याला १००० किलोमीटर धावणारी गाडी लिटरला १२ किलोमीटर देत असेल तर सुमारे ८३ लिटर पेट्रोल लागते, १८ देत असेल तर सुमारे ५६. लिटर १०० रुपये धरले तरी महिन्याला पावणेतीन हजारांचा फरक पडतो. वर्षाचे तेहतीस हजार झाले. एका मुलाच्या क्लासची फी त्यात निघते, हे प्रत्येक घराला कळते. पण शोरूममध्ये अ‍ॅव्हरेजचा आकडा ऐकताना ते आठवत नाही.

बरे, एवढा खर्च करून घेतलेली गाडी तिच्या नावाप्रमाणे काम करते का? हा प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे १९९१ ची टाटा सिएरा, १९९४ ची सुमो, १९९८ ची सफारी, २००२ ची स्कॉर्पिओ अशा गाड्यांनी मोठ्या गाडीची हौस निर्माण केली. त्यानंतर करामुळे एक वेगळाच प्रकार जन्मास आला. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतील लहान इंजिनाच्या मोटारींना अबकारी करात सवलत मिळाली, तेव्हापासून कंपन्या चार मीटरच्या आत बसेल अशी 'मोठी' गाडी बनवू लागल्या. बाहेरून उंच, आतून लहान मोटारीएवढीच. अशा बहुतेक गाड्यांत इंजिनाची शक्ती फक्त पुढच्या दोन चाकांना मिळते. जाहिरातीत डोंगर आणि वाळू दाखविलेली असते, म्हणून लोक कोकणात गेल्यावर गाडी किनाऱ्यावर उतरवतात आणि मग गावातला ट्रॅक्टर शोधत फिरतात. चारही चाकांना शक्ती देणारी गाडी हवी असेल तर तसे स्पष्ट विचारून घ्यावे लागते, आणि तिची किंमत निराळी असते.

डिझेल गाडीची एक निराळीच अडचण आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा नियम लागू झाल्यापासून डिझेल मोटारींच्या धुराड्याच्या मार्गात काजळी अडवणारी एक जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी गाडी काही काळ सलग, बऱ्यापैकी वेगाने चालावी लागते. ज्याचे रोजचे जाणे-येणे चार-पाच किलोमीटरचे, तेही सिग्नलला थांबत, त्याच्या गाडीत ती काजळी जळतच नाही. मग दिवा लागतो, गाडीचा जोर कमी होतो आणि वर्कशॉपची वारी घडते. दोष गाडीचा नसतो, वापराशी गाडी जुळलेली नसते. घर ते कार्यालय एवढेच ज्याचे फिरणे आहे, त्याने डिझेलच्या वाटेला जाऊ नये, हे आम्ही स्पष्टच सांगतो.

२०२५ साली चुटपुटीचे एक नवे कारण पुष्कळांच्या वाट्यास आले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर लहान पेट्रोल मोटारीवर उपकरासह २९ टक्के आणि मोठ्या एसयूव्हीवर (चार मीटरहून लांब, १५०० सीसीहून मोठे इंजिन आणि जमिनीपासून किमान १७० मिलिमीटर उंची) अखेरीस एकूण ५० टक्के कर लागत होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवर १८ टक्के आणि मोठ्यांवर ४० टक्के कर झाला व उपकर गेला. कराशिवाय ७ लाख किमतीच्या लहान गाडीवर हा फरक ७७ हजारांचा आहे. ज्यांनी महिनाभर आधी गाडी घेतली त्यांना वाईट वाटणे साहजिक आहे. परंतु कर पुढे उतरणार हे खरेदीच्या दिवशी ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांनी स्वतःस दोष देण्याचे कारण नाही.

आता कायद्याचे. "गाडी पसंत पडली नाही, परत घ्या" असे म्हणण्याचा हक्क आपल्या देशात खरेदीदाराला नाही. नोंदणी झाली की गाडी आपली. म्हणून जो काही फेरविचार करावयाचा तो नोंदणीपूर्वी करावा, आणि बुकिंग रद्द केल्यास किती रक्कम कापणार हे पैसे भरण्यापूर्वी फॉर्मवर वाचून घ्यावे. विमा विक्रेत्याकडूनच घेण्याची सक्ती नसते. 'हँडलिंग' म्हणून आकारलेली रक्कम कशाची, हेही विचारावे. गाडीत खरोखर दोष असेल आणि विक्रेता दाद देत नसेल तर गोष्ट वेगळी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो २० जुलै २०२० पासून अमलात आला, त्यानुसार ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात, तीही आपण राहतो त्या जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत करता येते. १० ते २० लाखांच्या खरेदीसाठी शुल्क अवघे ४०० रुपये आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा. जॉब कार्ड, बिले, विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार जपून ठेवावा. तोंडी आश्वासनांना आयोगापुढे फारशी किंमत राहत नाही.

दोष नाही, पण हप्ता खरोखर झेपत नाही, अशी स्थिती असेल तर काय? आमचे मत असे की, लोकलाजेस्तव तीन वर्षे ओढत नेण्यापेक्षा वेळीच विकावी. प्रथम बँकेकडून कर्जाची शिल्लक लेखी घ्यावी. दर स्थिर असेल तर मुदतीपूर्वी फेडीचा आकार किती तेही विचारावे. मग दोन-तीन ठिकाणी किंमत काढून तोटा किती बसतो ते कागदावर मांडावे. तोटा दीड लाख आणि पुढची ओढाताण चार वर्षांची, असा हिशेब निघाला तर निर्णय आपोआप होतो. घरातील स्त्रियांना या हिशेबात बसवावे. महिन्याचे अंदाजपत्रक त्याच चालवितात आणि बहुतेक घरांत खरेदीच्या वेळी त्यांना फक्त रंग विचारलेला असतो.

विकताना एका गोष्टीत मात्र हयगय करू नये. मित्राला किंवा नातेवाइकाला "हप्ते तू भर, गाडी तू वापर" म्हणून किल्ली देण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ती अत्यंत धोक्याची आहे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये निर्णय दिला की, आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक, आणि अपघाताची नुकसानभरपाई त्याच्यावर येते, मग गाडी मधल्या काळात कितीही हातांतून गेलेली असो. किल्ली दिलेल्या माणसाने विमा भरला नाही आणि गाडीखाली कोणी सापडले, तर लाखोंची भरपाई आपल्या पगारातून आणि घरातून वसूल होऊ शकते. म्हणून कर्ज फिटल्यावर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरील बोजा उतरवावा, फॉर्म २९ व ३० वर दोघांच्या सह्या कराव्यात, विमा नव्या मालकाच्या नावे करावा. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवायचे असते. एजंटावर विसंबून न राहता, आरसीवर नवे नाव चढल्याचे परिवहन संकेतस्थळावर स्वतः पाहावे, आणि त्या नोंदीची एक प्रत घरच्या कागदपत्रांत ठेवावी.