माल एक, अर्थ वेगळे

आम्हा कापडवाल्यांच्या तोंडी दिवसभर 'माल' असतो. शब्द मूळ अरबी, अर्थ संपत्ती. फारसीतून तो उर्दूत व मराठीत आला. आपल्या 'मालमत्ते'त तोच आहे.

चाकणला २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. जर्मन भाषेतही 'माल' आहे. पण 'त्स्वाय माल' म्हणजे दोनदा. शेजारच्या तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने २०२३ साली केला. कोरियन भाषेत 'माल' म्हणजे बोलणे, तसेच घोडा. अरबी, जर्मन, कोरियन ही कुळेच निराळी. उच्चार जुळला तो योगायोगाने.

तेव्हा व्यापारी बंधूंनी ओळखीचा शब्द ऐकून अर्थ गृहीत धरू नये. गणवेशाच्या कापडाची मागणी ताके, मीटर, तारखेसह लेखी घ्यावी. परत आलेल्या मालाचे भाडे आपल्याच खिशातून जाते.