ऋषिपंचमीचे व्रत आणि शेताची माती

चतुर्थीस महडच्या श्रीवरदविनायकाला नाना वृक्षवेलींची पत्री वाहावी आणि दुसरे दिवशी, ऋषिपंचमीस, बैलाच्या श्रमाचे अन्न वर्ज्य करून अळू, भोपळा, सुरण, मका यांची एकत्र भाजी सेवन करावी, हा आपला कुळाचार. या व्रतात नांगरास विश्रांती आहे. मातीसही ती हवी, असे आम्हांस वाटते.

खालापूर-कर्जतच्या भातशेतीत राब भाजावा, चिखलणी करावी, मग लावणी, अशी पूर्वापार रीत. राबात पालापाचोळा व शेण जळून जाते. वारंवारच्या चिखलणीने मातीची घडण मोडते.

नेरळच्या सगुणा बागेत श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या ‘सगुणा राइस टेक्निक’ पद्धतीत ही तिन्ही कामे टळतात. गादीवाफे एकदाच करून त्यांवर भात टोकतात व कापणीनंतर मुळे जमिनीतच राखतात. ती कुजली की गांडुळांस अन्न मिळते, पाण्यास वाट होते. त्याच वाफ्यांवर पुढे वाल वा हरभरा येतो. त्यांच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र धरून ठेवतात. तणासाठी मात्र या पद्धतीत तणनाशक वापरतात. ताग, चवळी यांच्या दाट आच्छादनाने तण जितके दबेल, तितके ते औषध कमी लागेल.

शेतकरी बंधूंनी निदान एका खाचरात भातामागून वाल टोकून पाहावा. भूमीस माता म्हणावे आणि कापणीनंतर तिला उघडी टाकावी, हे आपणांस शोभत नाही.