आजी प्रवासात पाणी का पीत नाहीत?

उन्हाळा तापू लागला की विदर्भातील अनेक कुटुंबांच्या गाड्या चिखलदऱ्याकडे वळतात. अमरावती जिल्ह्यातील हे थंड हवेचे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे, आणि देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक असलेले मेळघाटचे अरण्य त्याला लागूनच आहे. एवढ्या उंचीवर विरळ हवेचा त्रास सहसा होत नाही. वडीलधाऱ्यांना त्रास होतो तो पुष्कळ साध्या कारणाने: प्रवासाच्या दिवशी ते पाणीच पीत नाहीत.

याचे कारण घरात फारसे बोलले जात नाही. वाटेत स्वच्छ आणि बसता येईल असे शौचालय मिळेल की नाही, ही धास्ती असते. नातवंडे रंगात आलेली असताना पुन्हा पुन्हा गाडी थांबवायला सांगणे संकोचाचे वाटते. म्हणून सकाळचा चहा अर्धाच घेतला जातो आणि लघवीचे प्रमाण वाढवणारी रक्तदाबाची गोळीही परस्पर टाळली जाते. वाढत्या वयात तहानेची जाणीव मुळातच मंदावलेली असते. परिणामी मुक्कामी उतरताना भोवळ येते, तोल जातो. पुढे बद्धकोष्ठता किंवा मूत्रमार्गाचा संसर्गही होऊ शकतो.

थांबे आधी ठरवा

निघण्यापूर्वीच दर दीड-दोन तासांनी एक थांबा ठरवावा आणि तो सर्वांसाठी असावा. प्रत्येक थांब्यावर पाच मिनिटे चालावे, म्हणजे पायांतील रक्ताभिसरण सुधारते. घाट चढण्यापूर्वी परतवाड्यात अवश्य थांबावे. पाणी एकदम न पिता घोटाघोटाने प्यावे. हृदयविकार वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल, तर तेच पाळावे. गोळीची वेळ बदलायची असल्यास डॉक्टरांना विचारूनच बदलावी.

घाटात मळमळत असेल तर ज्येष्ठांना पुढच्या आसनावर बसवून नजर दूरवर ठेवायला सांगावे. उलटी थांबवणाऱ्या काही गोळ्यांनी वृद्धांना गुंगी येते किंवा लघवी अडते. त्या सल्ल्याविना देऊ नयेत. इन्सुलिन तापलेल्या गाडीत ठेवू नये, तसेच बर्फाला थेट चिकटवूनही ठेवू नये.

मुक्कामी पोहोचल्यावर

खोली तळमजल्याची घ्यावी. न्हाणीघराच्या वाटेवर रात्री दिवा तेवता ठेवावा. अनोळखी जागेत पडण्याचा धोका अधिक असतो. उन्हाळ्यातही रात्री गारवा असतो, म्हणून शाल आणि पायमोजे जवळ असावेत. दम्याच्या रुग्णांनी पंप उशाशी ठेवावा.

जंगल सफारीचा मोह आवरणे कठीण असते. परंतु हाडे ठिसूळ झालेल्यांच्या मणक्याला उघड्या जीपचे हिसके सोसत नाहीत. त्यांनी देवी पॉइंटसारख्या ठिकाणी गाडीने जाऊन कठड्याच्या आतूनच दरी पाहावी, किंवा येथे पिकणाऱ्या कॉफीचा एक पेला सकाळी घेत निवांत बसावे. सोबत कोणीतरी थांबावे. मागे एकटे ठेवल्याची भावना होऊ देऊ नये.

दुर्लक्ष करू नये अशी लक्षणे

छातीत दडपण, अचानक धाप लागणे, एकाच पायाला दुखरी सूज, बोलण्यात अडखळणे किंवा वागण्यात एकाएकी गोंधळ, यांपैकी काहीही दिसल्यास प्रवासाचा शीण समजू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अरण्यात भ्रमणध्वनीची सेवा ठिकठिकाणी खंडित होते, म्हणून औषधांची यादी आणि डॉक्टरांचा क्रमांक कागदावर लिहून ठेवावा.

आणि निघण्याच्या आदल्या संध्याकाळी, सामान भरून झाले की, शेजारी बसून एवढे विचारा: “आई, उद्या आपण कुठे कुठे थांबायचं?” थांबण्याची ठिकाणे त्यांनीच ठरवली, म्हणजे पाण्याचा पेला त्या आपणहून उचलतील.