ग्रामसभेला का जायचं?

लोणावळ्याला नगरपरिषद आहे, मावळातल्या खेड्यांना ग्रामपंचायत. आमच्या मावळात पाऊस धो धो पडतो. तरी उन्हाळ्यात कितीतरी वाड्यांत हंड्यासाठी पायपीट होते. मग आधी विहीर की रस्ता? हे एकट्या सरपंचाने ठरवायचं नाही. ग्रामसभेत ठरवायचं. गावचा प्रत्येक मतदार, बाई असो की बुवा, ग्रामसभेचा सभासद असतो.

१९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात पुढे सुधारणा झाल्या. आज वर्षाला निदान ४ सभा घ्याव्या लागतात. सभेला शेकडा १५ मतदार लागतात. १०० आले तरी पुरे. म्हणजे ४०० मतदारांच्या गावात ६० माणसं हवीत. ती न आल्यास सभा तहकूब होते, म्हणजे पुढे ढकलतात. पुढच्या सभेला ही अट नसते. मग चौघे ठरवतील तेच साऱ्या गावाचं!

म्हणून मंडळी, सभेला जाऊ या. अडचण उभं राहून सांगू या. ठराव नीट लिहिला का, तेही पाहू या. आता आपल्याला वाचता येतं.