कॅम खाल्ला, दोष कुणाचा?

नवा परफॉर्मन्स कॅमशाफ्ट बसवला, गाडी हजार किलोमीटरही चालली नाही आणि टॅपेटची टकटक सुरू झाली. झाकण काढून बघतात तर एका व्हॉल्व्हची उचल निम्म्यावर आलेली. यानंतरचा शेरा ठरलेला असतो: ‘हल्ली मालच भिकार येतो.’ कधीकधी तो खराही असतो. पण लोब, म्हणजे कॅमवरचा उंचवटा, खाल्ला जाण्यामागे कॅमखेरीज त्यावर टेकणारा लिफ्टर (म्हणजेच टॅपेट), स्प्रिंग, तेल आणि बसवणारा असे आणखी चार संशयित असतात. त्यांची झडती न घेता दुसरा कॅम मागवणारा बहुधा तोच खर्च पुन्हा करतो.

हे दुखणं मुख्यतः अमेरिकेतलं, जुन्या व्ही-एट इंजिनांच्या शौकिनांचं. कॅम घासून इंजिनाची ताकद वाढवण्याचा धंदा तिथे जुना आहे. एड इस्केंडेरियन लॉस एंजेलिसमध्ये १९४० च्या दशकातच या धंद्यात उतरला होता. पुढे १९५५ साली शेवरोलेचं स्मॉल-ब्लॉक इंजिन आलं आणि या बाजाराला सोन्याचे दिवस आले. शेवरोलेने १९८७ च्या सुमारास या इंजिनात तळाला चाक असलेले रोलर लिफ्टर द्यायला सुरुवात केली. त्याआधीची इंजिनं सपाट तळाच्या लिफ्टरची. आपल्याकडची जुनी अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनीही त्याच जातीची, म्हणून पुढचं बरंचसं त्या गाड्या जपणाऱ्यांनाही लागू पडेल.

‘सपाट लिफ्टर सपाट असतो’

इथूनच घोळ सुरू होतो. चांगल्या लिफ्टरचा तळ सपाट नसतोच. मधोमध तो कडेपेक्षा दीड-दोन थाउ, म्हणजे इंचाचे दीड-दोन हजारांश, उंच असतो. समोरचा लोबही पूर्ण सरळ घासलेला नसतो. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत त्याला साधारण एक-दोन थाउचा उतार दिलेला असतो. शिवाय लिफ्टरचं भोक लोबच्या मध्यावर नसून किंचित बाजूला असतं. या तीन गोष्टी जुळल्या की लोब फिरताना लिफ्टर स्वतःभोवतीही फिरतो आणि झीज एकाच रेषेवर न होता सगळ्या तळावर वाटली जाते. लिफ्टर फिरायचा थांबला, की कितीही महागाचा कॅम असो, काही मिनिटांत त्याचा निकाल लागतो.

त्यामुळे पेटी उघडल्यावर पहिली तपासणी लिफ्टरची करावी. दोन लिफ्टर तळाला तळ लावून धरा. ते एकमेकांवर किंचित डुलले पाहिजेत. घट्ट चिकटून बसले तर तळाला फुगवटा नाही, आणि तो माल परत पाठवायचा. किंवा पोलादी पट्टीची धार तळावर आडवी ठेवून दिव्यासमोर धरा: दोन्ही कडांना उजेड दिसायला हवा, मध्ये नाही. इंजिन जुळवल्यावर प्रत्येक पुशरॉडवर मार्करने एक उभी रेघ ओढा आणि स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने फिरवा. रेघ हळूहळू दिसेनाशी होत असेल तर लिफ्टर फिरतोय. जिथे ती जागची हलत नाही तिथे थांबून लिफ्टरचं भोक तपासायचं. जुन्या ब्लॉकमध्ये ते काजळी-वार्निशने आवळलेलं किंवा झिजून सैल झालेलं असू शकतं. एवढं करायला फार तर अर्धा तास लागतो, तरी ते करणारे थोडे.

आणखी एक: जुने लिफ्टर नव्या कॅमवर कधीही घालू नयेत. ‘चांगले दिसतात, पैसे वाचतील’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. जुना लिफ्टर त्याच्या जुन्या लोबशी घासून जुळलेला असतो. जुनाच कॅम परत बसवायचा असेल तर लिफ्टरही आपापल्या जागीच गेले पाहिजेत. अदलाबदल झाली की दोन्ही वाया गेले.

‘नवं इंजिन आहे, हळूहळू चालू द्या’

पिस्टन-रिंगसाठी ऐकलेला हा सल्ला सपाट टॅपेटच्या कॅमला मारक ठरतो. या इंजिनांत लोबपर्यंत तेल पोचतं ते मुख्यतः क्रँकच्या फिरण्याने उडणाऱ्या तुषारांतून. आयडलवर हे तुषार कमी उडतात. त्यातच कमी वेगाला स्प्रिंगचा पूर्ण जोर लोबच्या टोकावर येतो. वेग वाढला की व्हॉल्व्ह आणि पुशरॉडच्या जडत्वामुळे टोकावरचा भार हलका होतो. म्हणजे आयडल हीच नव्या कॅमची सर्वांत कठीण परीक्षा. म्हणूनच इंजिन सुरू होताक्षणी वेग २००० आरपीएमच्या वर न्यायचा आणि तिथेच थोडा वर-खाली करत २० ते ३० मिनिटं चालवायचं, अशी सूचना कॅम बनवणारे देतात.

सूचना वाचली जाते, पण तिच्या आधीची तयारी राहून जाते. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल नाही, इग्निशन टायमिंग अंदाजाने लावलेलं, तेलाचा पंप आधी फिरवून तेल वर चढवलेलं नाही. मग इंजिन पकडत नाही म्हणून स्टार्टर मारत राहतात. लोबवर लावलेली मॉलिब्डेनमची पेस्ट त्या रटाळ क्रँकिंगमध्येच पुसली जाते. इंजिन सुरू होईपर्यंत कॅम खाल्ला जायला लागलेलाही असतो. कंपनीच्या नावाने शंख करणाऱ्यांपैकी कित्येकांचा कॅम असाच गेलेला असावा, असं माझं स्पष्ट मत आहे. दुहेरी स्प्रिंग असतील तर या अर्ध्या तासापुरत्या आतल्या काढून ठेवायच्या; तेही कंटाळ्यापायी टाळलं जातं.

‘तेलातलं झिंक काढलं म्हणून कॅम जातात, बाटली ओता, झालं’

यात अर्धसत्य आहे. तेलातलं झेडडीडीपी नावाचं रसायन जस्त (झिंक) आणि फॉस्फरसचं असतं. उष्णता आणि दाब मिळाला की धातूवर त्याचा पातळ थर बसतो आणि लोखंड लोखंडाला थेट भिडत नाही. फॉस्फरसमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होत जातो, म्हणून अमेरिकेतल्या पेट्रोल इंजिनांच्या पातळ तेलांसाठी त्याची मर्यादा १९९६ मध्ये ०.१० टक्के आणि २००४ मध्ये ०.०८ टक्के ठरली. म्हणजे झिंक ‘काढलेलं’ नाही, कमी केलं. आजच्या रोलरवाल्या इंजिनांना तेवढं पुरतं. जुन्या सपाट लिफ्टरवर दणकट स्प्रिंग घातल्या की अपुरं पडू शकतं. २०डब्ल्यू-५० सारख्या जाड तेलांना ही मर्यादा लागू नाही. मोटारसायकलच्या तेलांसाठीच्या जासो मानकात तर फॉस्फरस ०.०८ ते ०.१२ टक्के असावा, अशी खालची मर्यादाही आहे. तेव्हा बुलेटवाल्यांनी या भीतीने झोप उडवून घेण्याचं कारण नाही.

पण वरून बाटली ओतणं हा उपाय बेभरवशाचा. तेलातली सगळी रसायनं एकमेकांशी तोलून घातलेली असतात. धुणारी रसायनं त्याच धातूच्या पृष्ठभागासाठी झेडडीडीपीशी झुंजतात. प्रमाणाबाहेर गेलं तर तेच रसायन धातू खायला लागतं. पहिल्या अर्ध्या तासाला खास ब्रेक-इन तेल, मग ते आणि फिल्टर दोन्ही बदलून जुन्या इंजिनांसाठीच बनवलेलं तेल, हा सरळ मार्ग. आणि ज्या लिफ्टरच्या तळाला फुगवटाच नाही त्याला कुठलंही झिंक वाचवू शकत नाही.

‘बिलेट म्हणजे उत्तम, ओतीव म्हणजे दुय्यम’

पोलादाच्या सळईतून कोरलेला कॅम भक्कम असतो, यात वाद नाही. पण कॅमचा धातू एकटा बघायचा नसतो. सपाट लिफ्टरसाठी ओतीव लोखंडाचा कॅम आणि त्याला जुळणारा ओतीव लिफ्टर ही जोडी अनेक दशकं उत्तम चाललेली आहे. कडक पोलादी रोलर कॅम घातला आणि डिस्ट्रिब्युटरचा साधा ओतीव गिअर तसाच ठेवला, तर कॅमवरचा गिअर त्याला खात सुटतो. मग टायमिंग भरकटतं आणि लोखंडाचा भुगा सगळ्या इंजिनभर फिरतो. कॅमच्या धातूला चालेल असा गिअर त्याच वेळी मागवावा लागतो. पोलादी कॅमला बहुधा ब्राँझचा किंवा कॉम्पोझिटचा. ब्राँझचा गिअर स्वतः झिजतो, म्हणून तो अधूनमधून बदलायचा, हेही लक्षात ठेवावं लागतं.

‘रोलर घातला की चिंता मिटली’

चिंता बदलते. लोब टिकतो, पण रोलरच्या आतल्या सुईएवढ्या बेअरिंगवर सगळा भार येतो. ती फुटली की सुया थेट तेलाच्या टाकीत. कारखान्यातून आलेला माल तरी निर्धोक असतो का? जनरल मोटर्सच्या व्ही-एट इंजिनांत २००५ च्या सुमारास अर्धे सिलिंडर बंद ठेवून पेट्रोल वाचवणारी व्यवस्था आली. तिचे खास लिफ्टर अडकून लोब खाल्ल्याच्या तक्रारी अमेरिकेत सर्वश्रुत आहेत. फोर्डच्या युरोपातल्या ‘पिंटो’ इंजिनाचे कॅम झिजायचे ते कॅमवर तेल फवारणाऱ्या नळीची बारीक भोकं बुजल्यामुळे. तिथे जाणता फिटर नवा कॅम टाकताना नळीही नवीच टाकतो.

‘जितका मोठा कॅम, तितकी जास्त ताकद’

ताकद वाढते, पण वरच्या आरपीएमला. खालचा ओढा कमी होतो, व्हॅक्यूम पडतो, ब्रेक बूस्टर कुरकुरतो आणि आयडलवर गाडी लंगडते. ही लंगड म्हणजे बिघाड नव्हे. इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ वाढल्याचं ते लक्षण. कॅमसोबत येणाऱ्या कार्डावरचे आकडेही नीट वाचावे लागतात. कॉम्प कॅम्सच्या एक्सई२६८एच या लोकप्रिय कॅमचा इनटेक लोब २६८ अंशांचा म्हणून विकला जातो, आणि व्हॉल्व्हच्या बाजूला नव्हे तर लिफ्टरवर ०.०५० इंच उचलीपासून मोजला की तोच लोब २२४ अंशांचा भरतो. दोन्ही आकडे खरे. वेगवेगळ्या उचलीपासून मोजलेले दोन कंपन्यांचे आकडे शेजारीशेजारी ठेवून भांडणं मात्र व्यर्थ.

जास्त उचलीचा कॅम जुन्या स्प्रिंगवर घातला की वेटोळी एकमेकांवर बसतात आणि मग काहीतरी तुटतंच. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये इनटेकला साधारण २ मिलिमीटर, एक्झॉस्टला अडीच मिलिमीटर जागा असावी, असा वर्कशॉपचा दंडक आहे. पिस्टनवर मॉडेलिंग क्लेचा गोळा ठेवायचा, हेड बसवून इंजिन हाताने दोन फेरे फिरवायचं आणि उघडून क्लेची जाडी मोजायची. पाच रुपयांच्या क्लेमध्ये हेड वाचतं.

‘आशियातला माल म्हणून टाकाऊ’

यावर आपण तरी मान डोलावू नये. सोलापुरात १९९२ साली सुरू झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स देशी-परदेशी कार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवते. देश बघून दर्जा कळत नाही. ओतकाम कुणाचं, घासलं कुणी, कडकपणा मोजला का, हे विचारावं. उत्तर टाळणारा विक्रेता अमेरिकेतला असला तरी टाळावा.

सदोष माल येतच नाही, असं मुळीच नाही. मऊ लिफ्टर, उतार नसलेले लोब, वाकलेला शाफ्ट, कार्डाशी न जुळणारं घासकाम हे सगळं बाजारात सापडतं. पण ते इंजिन सुरू करण्यापूर्वी सापडतं. व्ही-ब्लॉकवर शाफ्ट ठेवून डायल गेजने वाक बघा, प्रत्येक लोबची उचल मोजा, डिग्री व्हील लावून कॅम कार्डाप्रमाणे उघडतोय का ते पडताळा. इंजिन एकदा चाललं की यातलं बरंचसं सिद्ध करता येत नाही, आणि वॉरंटी बहुतेकदा सुट्या भागाची असते, मजुरीची नव्हे.

एवढं करूनही कॅम गेलाच, तर लिफ्टर भांड्यात एकत्र टाकू नका. सिलिंडरच्या क्रमाने, इनटेक आणि एक्झॉस्ट वेगळे, पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात लावा आणि तळाचे फोटो घ्या. ज्याच्या तळावर गोल वर्तुळाकार खूण आहे तो फिरत होता. ज्यावर एकच सरळ पट्टा आहे तो थांबला होता. तेलाचा फिल्टर कापून त्यातला भुगा जपून ठेवा. कंपनीला पत्र लिहायचं ते या पुराव्यानिशी लिहा.